वास बघून सांग

आम्ही अमेरिकेला गेलो ते तिथलं काही बघायला नव्हे. यांनी जेवावं म्हणून गेलो. ऐकणाऱ्याला हे चमत्कारिक वाटतं. जेवायला म्हणून पुणं सोडून कॅलिफोर्निया कोणी गाठत नाही. पण त्याच्या आदल्या वर्षी हे स्कूटरवरून पडले, डोक्याला मागून मार बसला. टाके पडले, टाके निघाले, हे ऑफिसलाही जायला लागले. मग एका सकाळी गॅसवर दूध करपून घरभर वास सुटला आणि मी धावत आले, तर हे स्वयंपाकघरातच स्टुलावर बसून शांतपणे पेपर वाचत होते. डॉक्टर म्हणाले, वासाची नस दुखावली आहे, परत आली तर येईल.

नस परत आली नाही. भूक मात्र गेली. यांना खाण्याची भारी हौस. आमटीला फोडणी मोहरीची आहे की जिऱ्याची, हे दारात चपला काढतानाच सांगणारा हा माणूस. आता ताट पुढे आलं की आधी मला म्हणायचे, "वास बघून सांग." मी वाटी नाकाशी धरायची आणि सांगायचं, हिंग आहे, मेथी आहे, कोथिंबीर ताजी आहे. मग हे डोळे मिटून दोन घास घ्यायचे, आठवणीवर जेवल्यासारखे, आणि ताट सरकवायचे. वर्षभरात शर्टाच्या कॉलरमध्ये दोन बोटं जातील एवढी जागा झाली. हवापालट करून बघू म्हणून मुलगा मिलिंद याने तिकिटं पाठवली आणि सत्याऐंशीच्या उन्हाळ्यात आम्ही सनीव्हेलला त्याच्या अपार्टमेंटमध्ये जाऊन पडलो.

हवा पालटली, बाकी काही पालटलं नाही. तिथल्या पावाला चव नाही, भाजीला चव नाही, आणि हे तर काय, खिडकीपाशी बसून समोरच्या पार्किंगमधल्या गाड्या बघायचे. मिलिंद चिप बनवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर. एकदा जेवताना म्हणाला, "बाबा, लॉजिकली बघा ना. नाक गेलंय, जीभ आहे. तिखट, आंबट, गोड, खारट हे सगळं जिभेला कळतं. मग थाई फूड ट्राय करू. माझ्या ऑफिसातला एक थाई मुलगा सांगतो, एल.ए.ला रविवारी त्यांच्या देवळाच्या आवारात जत्रेसारखे स्टॉल लागतात. एकदम स्वस्त."

मी आधीच संशयी. जन्मभर शाळेत शिकवलं, परीक्षेच्या वर्गावर पहारे केले, त्यामुळे कोणी विनाकारण हसलं तरी माझी नजर आधी बाकाखाली जाते. आम्ही पूर्ण शाकाहारी, अंडंसुद्धा नाही. आणि समुद्रकाठचे हे लोक. कशात काय घालतील कोणी सांगावं? पण यांनी चक्क विचारलं, "जायचं कधी?" गेल्या कित्येक महिन्यांत यांनी खाण्याबद्दल आपण होऊन विचारलेला हा पहिला प्रश्न. मी निमूटपणे तिखटमिठाच्या पुऱ्या लाटायला घेतल्या.

शुक्रवार, रस्त्यात

मिलिंदची गाडी सेकंडहँड, तिचा एसी बंद, त्यामुळे काचा उघड्या. खर्च आटोपशीर ठेवायचा असं ठरलंच होतं. विमान नाही, वाटेत हॉटेलात जेवण नाही, पुऱ्यांचा डबा मांडीवर. सनीव्हेल सोडून दक्षिणेला निघालं की तासाभरात गिलरॉय नावाचं गाव लागतं. गाव दिसायच्या आधी त्याचा वास येतो. सगळीकडे लसूण. शेतात लसूण, दुकानांच्या पाट्यांवर लसूण, लसणाचं आइस्क्रीमसुद्धा मिळतं म्हणे, त्यावर माझा अजून विश्वास नाही. एवढा वास की डोळ्यांत पाणी यावं.

"बाबा, काही?" मिलिंदने आरशातून विचारलं. यांनी मोठा श्वास घेतला, थांबले, आणि मान हलवली. मी घाईघाईने सांगायला लागले, खोबरं घातलेली लसणाची चटणी पाट्यावर वाटताना येतो ना, तसा आहे. हे म्हणाले, "हो, आठवतो."

पुढे डोंगर ओलांडून मोठ्या हमरस्त्याला लागलो. दोन्ही बाजूंना पिवळं गवत आणि सरळसोट रस्ता, बघण्यासारखं काही नाही. दुपारी मात्र गुरांचा एक प्रचंड वाडा लागला. क्षितिजापर्यंत गुरंच गुरं, उन्हात शेणामुतात उभी, आणि त्या वासाने मी पदर नाकात कोंबला. मिलिंद नाक दाबून एका हाताने गाडी चालवत होता. आम्हा तिघांत हे एकटेच मजेत पुरी खात होते. "काय झालं?" म्हणाले. आम्ही इतके हसलो की मिलिंदला गाडी हळू करावी लागली. अपघातानंतर नाकावरून आम्ही हसलो असे हे पहिल्यांदाच.

शनिवार, हॉलीवूड

हॉलीवूड म्हणजे काय असेल ते असो. मला दिसलं ते कपडे धुवायच्या मशिनचं दुकान, त्याच्या शेजारी डोनटचं दुकान आणि मधल्या गाळ्यात थाई खाणावळ. बाहेर पार्किंग. आत प्लास्टिकचे टेबलक्लॉथ, भिंतीवर त्यांच्या राजाराणीचा फोटो, आणि फोटोला ताजा हार. हार बघून मला जरा बरं वाटलं. दुपारचं स्वस्त ताट मिळतं म्हणून मिलिंदने मुद्दाम ती वेळ गाठली होती.

मिलिंदने इंग्रजीत समजावून सांगितलं की आम्ही व्हेजिटेरियन. वाढप्याने मान हलवली. मी म्हटलं, याने फार लवकर मान हलवली. अमेरिकेत व्हेजिटेरियन म्हणजे बीफ न खाणारा, चिकन चालतं, हा अनुभव मी सनीव्हेलला घेतलेला होता. शिवाय मिलिंदने रात्री मोटेलवर एक गोष्ट सांगून ठेवली होती. थाई लोक मिठाच्या जागी माशाचं पाणी वापरतात. मासे मिठात मुरवून काढलेलं तपकिरी पाणी, बाटलीत मिळतं, आणि आपण जसं मीठ घालतो तसं ते सगळ्यात घालतात.

ताट आलं. भाज्या घातलेला परतलेला भात, वर काकडीचे काप, कडेला लिंबाची फोड. यांनी लिंबू पिळलं, चमचा उचलला आणि माझ्याकडे बघितलं. मी वास घेतला, संशय आला, काट्याने भात उकरला. कोबीखाली एक गुलाबी, वाकडी, नखाएवढी सुकट निघाली. वाढपी पुन्हा आला, पुन्हा मान हलवली, ताट नेलं आणि पांढरा भात आणून ठेवला. तेवढाच त्याच्याकडे नि:संशय शाकाहारी होता. मघाच्या ताटातली ती लिंबाची फोड यांनी काढून ठेवली होती, ती भातावर पिळून यांनी चार घास खाल्ले.

माझा संशय खरा ठरला होता. एरवी अशा वेळी मला बरं वाटतं. त्या दुपारी वाटलं नाही. उचललेला चमचा यांनी खाली ठेवला, तेच डोळ्यांसमोर येत राहिलं. गाडीत बसताना हे म्हणाले, "लिंबू चांगलं होतं हं." मिलिंदने आरशातून माझ्याकडे बघितलं.

रविवार, देवळाचं आवार

देऊळ शहराच्या उत्तरेला, साध्यासुध्या घरांच्या वस्तीत. उतरती लाल छपरं, टोकांना सोनेरी नक्षी, आणि दारात राक्षसांच्या दोन भल्याथोरल्या मूर्ती. बाहेर चपलांचा ढीग. आता देवळाबाहेर चपला काढायची माझी एक पद्धत आहे. एक चप्पल ढिगाच्या या टोकाला, दुसरी त्या टोकाला. चोर जोडी शोधत बसत नाही. मिलिंदने तोंड फिरवलं. आत बुद्धाची सोनेरी मूर्ती, गालिचा, भिंतीलगत पाय दुमडून बसलेल्या बायका. मी नमस्कार केला आणि यांच्या भुकेसाठी मागणं मागितलं. देव कोणाचा का असेना, मागायला काय जातं? बाहेर आले तर माझ्या दोन्ही चपला कोणीतरी शोधून, जोडी लावून, पायरीवर मांडून ठेवल्या होत्या. ते बघून हे खूप हसले. मी आधी पट्टे तपासले.

मागच्या आवारात मात्र गर्दी होती. ताडपत्र्यांच्या सावलीत टेबलं, शेगड्यांचा धूर, पोरांची पळापळ, आणि बहुतेक बायकाच तळतायत, भाजतायत. आधी एका खिडकीवर पैसे देऊन प्लास्टिकच्या चकत्या घ्यायच्या आणि स्टॉलवर चकत्या द्यायच्या. मी विचारलं, चकत्या उरल्या तर?

"आई, उरल्या तर परत घेतात. आणि पैसे देवळाला जातात."

मी म्हटलं, सगळेच तसं म्हणतात. तरी मिलिंदने मूठभर चकत्या आणल्या.

पहिल्याच टेबलाशी मी थबकले. शेगडीवर चक्क आप्पेपात्र होतं. बिडाचं, खोलगट खळग्यांचं, आणि एक बाई त्यात तांदळाचं आणि नारळाच्या दुधाचं पातळ पीठ ओतत होती. माझ्या माहेरी गुळाचे आप्पे होतात, ते पात्र इथवर कसं आलं ते देव जाणे. मी खाणाखुणांनी अंडं नाही ना विचारलं. बाईने पिठाचं भांडं आणि नारळ पुढे करून दाखवले. यांनी एक आप्पा तोंडात टाकला. "गरम आहे. गोड आहे," म्हणाले. मी वाट बघितली. पुढे काही नाही. यांनी दुसरा उचलला नाही.

त्याच्या पलीकडे एक पन्नाशीची बाई मोठ्या उखळात काहीतरी कुटत होती. कच्च्या पपईचा लांब कीस, लाल मिरच्या, लसूण, शेंगदाणे, टोमॅटो, गूळ, लिंबू. आमच्याकडे कच्ची पपई भाजीत जाते. ही कच्चीच कोशिंबीर करत होती, पण कोशिंबीर हलक्या हाताने कालवायची सोडून धपाधप कुटत होती. हे तिथून हलेनात. ती लिंबू पिळायची तेव्हा यांचा गळा हलायचा. मिलिंदने तिला नीट सांगितलं, मासा नाही, सुकट नाही, ते पाणी नाही. तिने ओके ओके म्हणत सुकटीचं भांडं झाकलं, मिठाची बरणी वर काढून दाखवली आणि आमच्या तीन बशा होतील एवढी पपई उखळात घेतली. एक तपकिरी बाटली मात्र तिच्या हाताशीच राहिली. मी ती बघितली. मिलिंद चिकट भात आणायला गेला.

मी पहाऱ्याला उभी राहणार, इतक्यात मागच्या मंडपातल्या लांबलचक टेबलाकडे लक्ष गेलं. पांढरी चादर, तिच्यावर ओळीने झाकलेली भांडी, आणि गर्दी अजिबात नाही. मला वाटलं, हा वेगळा स्टॉल. एका वाडग्यात भोपळ्याची आणि नारळाच्या रसाची भाजी असावी असं झाकणाच्या फटीतून दिसलं. यांना झेपेल असं काहीतरी तिथे सापडेल असं वाटलं. मी यांना म्हटलं, "हिच्या हाताकडे लक्ष ठेवा, मी आले." आणि जाऊन झाकण उचललं, वाकले आणि छातीभर वास घेतला.

पाठीमागून एक म्हातारी आली. तिने माझ्या हातातून झाकण हळूच काढून घेतलं. ओरडली नाही, कपाळाला आठीसुद्धा नाही. तो वाडगा तिने उचलला, बाजूला खाली ठेवला आणि दुसरा भरून आणायला गेली. तेवढ्यात भगव्या वस्त्रातले भिक्षू एका रांगेत येऊन टेबलामागे बसले. मिलिंद भात घेऊन परत येत होता, त्याने ते बघितलं. जवळ येऊन हळू आवाजात म्हणाला, "आई, ते त्यांच्यासाठी ठेवलेलं असतं. दुपारच्या आत ते जेवतात, मग बाकीचे."

मला सांगायला नको होतं. नैवेद्याचा वास घ्यायचा नाही, हे मी बोलायला यायच्या आधी शिकले असेन. माझ्या आत्याच्या घरी पानावर वाकून एका भाच्याने वास घेतला म्हणून तिने पुरण पुन्हा वाटलं होतं. आणि मी साठीला आलेली बाई परक्या देशात, परक्या देवळात, दुसऱ्याचा नैवेद्य हुंगत उभी होते. मी हात जोडले. म्हातारी नवा वाडगा घेऊन आली, तिनेही हात जोडले आणि कामाला लागली. मला जमिनीत जावंसं वाटलं.

परतले तर पपई तयार होती. तीन बशा. ती बाई यांच्या हातात बशी देताना हसली आणि मला बघून तिने चटकन खाली बघितलं. ते हसू मला तेव्हाही खटकलं. आम्ही झाडाखालच्या बाकावर बसलो. यांनी काट्यावर पपई घेतली आणि थांबले.

"वास बघून सांग."

मी बशी नाकाशी नेली. लिंबू होतं. मिरची होती, लसूण होता, भाजलेला शेंगदाणा होता. आणि सगळ्याच्या तळाशी आणखी एक वास होता. शाळेची सहल एकदा हर्णैला नेली होती, तिथे बंदरावर दोऱ्यांवर मासळी वाळत घातली होती, त्याच्या जवळून जाताना आला होता तो. आता हा वास बशीतला, की उखळाला चिकटलेला, की शेजारच्या शेगडीवरचा? सगळ्या आवारालाच तो होता. दुसरा कुठला दिवस असता तर मी बशी घेऊन तरातरा गेले असते आणि त्या बाईला बाटलीबद्दल विचारलं असतं. पण मघाच्या प्रकारानंतर कुठेही नाक खुपसायची हिंमत उरली नव्हती. आणि यांच्याकडे बघितलं तर काटा हातात तसाच होता, कॉलर गळ्याभोवती सैल लोंबत होती आणि हे आवंढा गिळत होते.

"काही नाही," मी म्हटलं. "जेवा."

यांनी घास घेतला. चावला, आणि डोळे मोठे झाले. दुसरा घेतला. कपाळावर घाम आला, डोळ्यांतून पाणी आलं, वर्षभर नुसतंच चेहऱ्यावर असलेलं नाक वाहायला लागलं, आणि हे रुमालाने पुसत खातच राहिले. चिकट भाताचे बोटांनी मुटके करून पपईच्या रसात बुडवत होते. मी सांगत नव्हते की त्यात काय आहे, हेच मला सांगत होते, आता आंबट, आता तिखट, थांब, मागून गोड येतंय. बशी रिकामी झाली. मी माझी बशी पुढे सरकवली आणि मला तिखट झेपणार नाही म्हणाले. यांनी क्षणभर माझ्याकडे बघितलं आणि तीही संपवली. मिलिंद खायचं सोडून बघत बसला होता.

नंतर यांनी परत जाऊन दोन आप्पे आणि आंब्याचा भात खाल्ला. परतीच्या रस्त्यावर गुरांचा वाडा आला तेव्हा हे मागच्या सीटवर घोरत होते. मी शेजारी जागी होते. यांना मी जन्मात न शिवलेलं काहीतरी खाऊ घातलंय की काय, हा विचार पोटात घेऊन सनीव्हेलपर्यंत आले.

सनीव्हेल, आणि पुढे

त्या दिवसापासून ताट सरकवणं कमी झालं. मिलिंदने चिनी दुकानातून कच्ची पपई आणली, मी घरी केली. लिंबू, मिरची, गूळ, दाण्याचं कूट, मीठ. हे आवडीने खायचे आणि दर वेळी म्हणायचे, "झालंय बरं. पण तिथल्यासारखं नाही." काय कमी आहे ते मला ठाऊक होतं. मी म्हणायचे, पपई वेगळी असेल. परत येताना विमानतळावर यांनी शर्टाचं वरचं बटण लावलं आणि घट्ट होतंय म्हणून काढलं. वास आजही येत नाही. पुण्यात आल्यावर आम्ही तिखट-आंबटावर संसार चालवतोय, आणि चाललाय.

मी काही लिहिलं की आधी यांना दाखवते. हे असं लिहिलेलं यांना दाखवायचं कसं, म्हणून मी कागद बरेच दिवस कपाटात ठेवले होते. शेवटी काल दिले. यांनी चष्मा लावून सगळं वाचलं, हर्णैपाशी आले तेव्हा पानावर बोट ठेवून थोडे थांबले, आणि शेवटपर्यंत गेले.

"तू मला तिच्या हाताकडे लक्ष ठेवायला सांगितलं होतंस," म्हणाले. "मी ठेवलं होतं. नाक गेलंय, डोळे शाबूत आहेत. तिने सवयीने बाटली उपडी केली आणि तिच्याच लक्षात आलं. बिचारी सगळं फेकून पुन्हा करायला निघाली होती. मीच हाताने नको म्हटलं."

मी विचारलं, मग मला वास घ्यायला कशाला सांगितलंत?

"वर्षभराने तोंडाला पाणी सुटलं होतं गं. एकट्याने ठरवायचं धाडस होईना."

"आणि मी नको म्हटलं असतं तर?"

"मग नसतं खाल्लं," हे म्हणाले, आणि कागद माझ्या हातात दिले.